वारसा नियमावली वाचताना: दर्शनी भाग जपला, भिंतीचं काय?

संशोधनाची तयारी करताय? मग शोधनिबंधांसारखीच एखादी नियमावलीही चिकित्सकपणे वाचून बघा. मी सध्या मुंबईची १९९५ ची वारसा नियमावली वाचतेय. विकास नियंत्रण नियमावलीतला हा नियम क्रमांक ६७.

आधी जमेची बाजू. इमारतींच्या श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही, दुसरीत आतले बदल काटेकोर तपासणीनंतर, तिसरीत बाहेरचेही बदल बऱ्याच अंशी करता येतात. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावलेली नाही, हे चांगलंच.

आता खरा प्रश्न. मूळ नियमात दुरुस्तीच काय, रंग आणि गिलाव्यालाही पूर्वपरवानगी लागते. म्हणजे काही करायचं तर परवानगी हवी. काहीच न करायला मात्र ती लागत नाही! जुनं घर तर बहुतेकदा दुर्लक्षामुळेच पडतं.

विज्ञानाच्या अंगाने बघा. जुन्या भिंतींतला चुना सच्छिद्र असतो, ओल आत येते तशी बाहेरही पडते. वरून सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल अडकते, विटेतले क्षार स्फटिक होऊन ती भुगा करतात, भिंतीत बसवलेली तुळयांची टोकं कुजतात. गिरगावात माझ्या मावशीच्या खोलीत हेच झालं. बाहेरून रंग नवाकोरा, आत पावसाळाभर बादल्या मांडलेल्या.

चुन्याचं काम महाग, कारागीर कमी. मग खर्च कुणी करायचा? बांधता न आलेल्या क्षेत्राची भरपाई म्हणून मालकाला टीडीआर मिळू शकतो, पण तो गमावलेल्या विकासाचा मोबदला. दरवर्षीच्या डागडुजीचा नव्हे. जुन्या भाडेकरूंचं भाडं १९९९ च्या कायद्यानुसार वर्षाला ४ टक्केच वाढतं. मालकाला परवडत नाही, घर भाडेकरूच्या मालकीचं नाही. दोघंही पुनर्विकासाची वाट बघतात.

‘दर्शनी भाग सगळ्या शहराचा असतो, म्हणून नियम त्यावर भर देतो,’ असं कुणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे. पण मग त्याचा खर्च एकट्या घरवाल्यानेच का सोसायचा?

म्हणून कुठलीही नियमावली वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा: ती काय मोजते? काय मोजत नाही? आणि पैसे कोण देतं? तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्येच सापडेल.