शुभेच्छापत्रांची मागली बाजू

जुनीं शुभेच्छापत्रें जमविण्याचा छंद आतां आपल्याकडेही रुजूं लागला आहे. संक्रांतीचीं, दिवाळीचीं, नाताळाचीं व नववर्षाचीं छापील पत्रें रद्दीच्या दुकानांतून, जुन्या बाजारांतून आणि मोडकळीस आलेल्या वाड्यांच्या माळ्यांवरून बाहेर येतात व हौशी माणसांच्या संग्रहांत जाऊन बसतात. या छंदाचें आम्ही मनापासून स्वागत करतों. ज्या समाजांत जुना कागद म्हणजे बंब पेटविण्याची सोय असें पुष्कळांस वाटत आलें, त्या समाजांत कोणी कागद जपूं लागला तर त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु छंद कोणताही असो, त्यास विवेकाची जोड लागते. आणि शुभेच्छापत्रांच्या बाबतींत संग्राहकांची नजर चुकीच्या बाजूवर खिळली आहे, असें आमचें मत आहे. चित्राची बाजू ते डोळे भरून पाहतात. जेथें एका माणसानें दुसऱ्या माणसास कांहीं लिहिलें आहे, ती बाजू मात्र अल्बमच्या काळ्या पानास चिकटून कायमची मुकी होते. प्रस्तुत लेखाचा विषय ती मागली बाजू हा होय.

छापील शुभेच्छापत्राचा जन्म विलायतेंतला. १८४३ सालीं लंडनच्या हेन्री कोल यानें जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळाचें एक पत्र काढवून घेतलें आणि त्याच्या प्रती एक शिलिंग किंमतीस विकावयास ठेवल्या. त्या प्रतींपैकीं फार थोड्या आज शिल्लक आहेत. २००१ सालीं त्यांतील एका प्रतीस लिलावांत सुमारे वीस हजार पौंड आले. ती प्रत खुद्द कोल यानें आपल्या आजीस पाठविलेली होती. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चित्र सर्व प्रतींवर एकच होतें. त्या एका प्रतीस आगळें मोल आलें तें नातवाच्या हातच्या अक्षरामुळें. बाजारासही जें कळतें, तें रसिक म्हणविणाऱ्या संग्राहकास कळूं नये, हें नवल होय.

आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें. त्यानंतर गरीब माणसालाही पत्र लिहिणें परवडूं लागलें. पुढें चित्रांकित कार्डें आलीं. राजा रविवर्म्यांचा शिळाप्रेस १८९४ मध्यें मुंबईस निघाला व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथल्या देवादिकांच्या चित्रांनीं भिंती तर सजल्याच, पण कार्डेंही सजलीं. रावबहादुर धुरंधरांच्या कुंचल्यांतून उतरलेलीं मुंबईच्या माणसांचीं चित्रें कार्डांवरून देशोदेशीं गेलीं. अशीं कार्डें केवळ चित्रांसाठीं कोणी जमविलीं तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. पण सणाच्या शुभेच्छापत्रांपैकीं बहुतेकांवर रविवर्मा नाहीं कीं धुरंधर नाहीं. तीच समई, तीच रांगोळी, तोच आकाशकंदील आणि तीच कमळांतली लक्ष्मी शंभर छापखान्यांनीं शंभर वेळां छापली आहे.

छापील पद्यांची गोष्ट याहून वेगळी नाहीं. संक्रांतीच्या पत्रांवरील पद्य घ्या. तिळाचा स्नेह आणि मनाचा स्नेह हा श्लेष संस्कृतानें आपणांस आयता दिला आहे, कारण त्या भाषेंत तेल व माया या दोहोंस एकच शब्द आहे. श्लेष खरोखर सुंदर आहे. पण रोज उगाळलें तर चंदनही झिजतें. गुळाची गोडी आणि मनांची जोडी यांचें यमक जुळलें कीं कवीचें काम संपलें. यांतील बहुतेक पद्य कविता या नांवास पात्र नाहीं, असेंच वाङ्मयाच्या निकषावर म्हणावें लागेल. मग हीं पत्रें जपावयाचीं तरी कशासाठीं?

या प्रश्नाचें उत्तर आपल्या जुन्या पत्रलेखनांत आहे. मराठी पत्रास मायना असे. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, सुवासिनीस सौभाग्यवती. आरंभीं साष्टांग नमस्कार विनंति विशेष आणि शेवटीं लोभ असावा. हे शब्द लिहिणाऱ्याचे नव्हते, रूढीचे होते. तरीही इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करीत, तेव्हां मायना ठराविक म्हणून त्यांनीं पत्र टाकून दिलें नाहीं. ठराविक शब्द संपून माणूस कोठें बोलूं लागतो, हें पाहणें हीच पत्र वाचण्याची कला होय. छापील शुभेच्छापत्र म्हणजे छापखान्यानें तयार करून दिलेला मायना. त्याखालीं शाईनें उमटलेली एक ओळ हेंच खरें पत्र.

ती ओळ आंखूड असे, याचेंही कारण आहे. न चिकटविलेल्या पाकिटांतून छापील मजकूर म्हणून पत्र पाठविलें तर टपालहंशील कमी पडे. परंतु अशा पत्रावर हातानें लिहावयाच्या शुभेच्छा पांच शब्दांहून अधिक असूं नयेत, असा आंतरराष्ट्रीय टपालसंघाचा दंडक होता. तारखात्यानें तर सणांच्या शुभेच्छांस क्रमांकच देऊन टाकले होते. गिऱ्हाइकानें आंकडा सांगावा आणि पलीकडे सबंध वाक्य उमटावें. ती तारही २०१३ च्या जुलैंत बंद झाली. आंकड्यांत कांहीं माणूस उरत नाहीं. पांच शब्दांत मात्र उरूं शकतो, आणि कसा उरतो हें पाहण्यासारखें आहे.

हा विषय आम्ही भोर व वेल्हे या प्रदेशाच्या संदर्भांत मांडूं इच्छितों. पंतसचिवांच्या भोर संस्थानानें १८७९ मध्यें, म्हणजे पोस्टकार्ड निघालें त्याच वर्षीं, स्वतःचीं टपालतिकिटें काढलीं होतीं. तिकिटें जमविणारांस तीं फार प्रिय आहेत, आणि तेथेंच पत्रांचा घात होतो. तिकिटाच्या लोभानें पाकिटाचा कोपरा कातरला कीं ठशावरची तारीख गेली, गांवाचें नांव गेलें आणि उरलें तें निर्वंश चिठोरें.

वास्तविक या मुलुखांतलें पत्र आपली जन्मपत्रिका पाठीवर घेऊन येतें. संस्थानाच्या तालुक्यांस गडांचीं नांवें होतीं: रोहिड्याचें दुसरें नांव विचित्रगड, तोरण्याचें प्रचंडगड, यांखेरीज राजगड व सुधागड, पांचवा तेवढा पवन मावळ. पत्त्यांत ‘तालुका प्रचंडगड, संस्थान भोर’ असें असेल, तर तें पत्र बहुधा ८ मार्च १९४८ च्या, म्हणजे विलीनीकरणाच्या, आधींचें. ‘जिल्हा पुणें’ असें असेल तर नंतरचें. आणि विलीनीकरणानंतरच्या तिकिटावर शिक्का बसलेला असूनही पत्त्यांत संस्थान भोरच असेल, तर लिहिणाऱ्याच्या मनांतलें राज्य अद्याप खालसा झालेलें नव्हतें असें समजावें. स्वतंत्र हिंदुस्थानचें पहिलें तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चें. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ पासून. पिनकोड निघाला १५ ऑगस्ट १९७२ रोजीं. एवढ्या खुणा ठाऊक असल्या कीं तारीख नसलेल्या पत्राचाही काळ अजमावतां येतो. पण या साऱ्या खुणा मागल्या बाजूस किंवा पाकिटावर असतात. चित्रावर त्यांतली एकही नसते.

आतां माणसांकडे वळूं. तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या घरीं दिलेल्या मुलीस माहेरीं पत्र लिहावयाचें, तर त्यास निमित्त हवें. संक्रांत हें सर्वमान्य निमित्त होतें. पाकिटांत काटेरी हलव्याचे चार दाणे, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असें छापलेलें पत्र, आणि खालीं एक ओळ. कार्ड असेल तर तें उघडेंच. टपालवाला तें वाचणार, ओसरीवरचे सासरे वाचणार, आणि माहेरीं वडील मोठ्यानें वाचून दाखविणार. इतक्या डोळ्यांदेखत लिहिणारी ‘आईची आठवण येते’ असें लिहीत नाहीं. ती लिहिते, ‘आईस गुडघ्याला तेल लावावयास सांगणें.’ दिवाळीस येणें होणार नाहीं हें कळवावयाचें असेल, तर ‘भात झोडावयाचें राहिलें आहे’ एवढें पुरतें. ज्यास मावळांतली शेती ठाऊक आहे, त्यास या वाक्यामागचें सारें घर दिसतें. अशीं वाक्यें कोणत्याही ग्रंथांत सांपडावयाचीं नाहींत, कारण तीं वाङ्मय म्हणून लिहिलेलींच नसतात.

येथें संग्राहकांच्या आणखी एका उणिवेकडे लक्ष वेधणें प्राप्त आहे. छापील शुभेच्छापत्र हें मुख्यतः पांढरपेशांचें. भोरचा कारकून, मास्तर, वकील तीं विकत घेई. परंतु मावळांतून पोटासाठीं मुंबईस गेलेला गडी दिवाळीस घरीं पाठवी ती मनिऑर्डर. १८८० पासून टपालानें ही सोय केली होती. फॉर्मच्या खालच्या बाजूस मजकुरासाठीं एक लहानसें कुपन असे, आणि पैसे देतांना टपालवाला तें फाडून घरच्यांच्या हातीं ठेवी. पुष्कळदां तेंच वाचूनही दाखवी. ‘पोरांस कपडे करावे. मी शिमग्यास येतों.’ त्यावर समई नाहीं कीं कमळ नाहीं. पण सणाची शुभेच्छा म्हणजे दूरच्या माणसानें जवळच्या माणसाची केलेली चिंता असेल, तर या कुपनाहून अस्सल शुभेच्छापत्र आम्हांस ठाऊक नाहीं. अशीं कुपनें आमच्या पाहण्यांतल्या एकाही संग्रहांत नाहींत. ज्या संग्रहांत केवळ रंगीत पत्रेंच आहेत, तो भोर-वेल्ह्याच्या दिवाळीचा अर्धाच वृत्तान्त सांगतो, आणि तोही सुखवस्तु अर्धा.

ही सारी चिकित्सा सवडीनें करावी इतका अवकाश आतां उरलेला नाहीं. या प्रदेशाचे कागद नष्ट होण्यास कारणें अनेक. पावसाळ्याची ओल, कसर आणि वाळवी हे जुने वैरी. भाटघर, पानशेत, वरसगांव या धरणांच्या पाण्याखालीं घरेंच्या घरें गेलीं. विस्थापितांनीं भांडीं नेलीं, देव नेले, पण कागदांचें गाठोडें किती जणांनीं नेलें असेल? उलट १२ जुलै १९६१ रोजीं वेल्हे तालुक्यांतलें पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां तेंच पाणी पुण्यांत शिरून नदीकांठच्या पेठांतल्या घरांचे कागद घेऊन गेलें. वेल्ह्याहून पुण्यास गेलेल्या पत्रांचा पाठलाग जणूं वेल्ह्याच्या पाण्यानेंच केला. आतांचें संकट याहून शांत आहे. मुलें पुण्यामुंबईस स्थायिक होतात, वाडा बिल्डराकडे जातो, आणि ट्रंकेंतले कागद किलोच्या भावानें विकले जातात. नव्या काळाच्या शुभेच्छा तर भ्रमणध्वनीवर येतात आणि दुसऱ्या दिवशीं जागा अडते म्हणून पुसल्या जातात. त्यांस मागली बाजूच नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी आहे. पत्र डिंकानें चिकटवूं नये. दोन्ही बाजू दिसतील अशा पाकिटांत ठेवावें. तिकीट कापूं नये, आणि पाकीट पत्रापासून तोडूं नये. चिकटपट्टी लावून फाटका कागद जोडणें म्हणजे दहा वर्षांनीं त्यावर पिवळा डाग पाडणें होय. एका घरचीं पत्रें विषयवार फोडून दिवाळी एकीकडे आणि संक्रांत दुसरीकडे अशीं लावूं नयेत; जुन्या दप्तरांत जसा एका घराचा रुमाल एकत्र बांधीत, तशीं तीं एकत्र ठेवावीं. कोणत्या गांवच्या कोणत्या घरांतून तीं आलीं, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, कारण तें विसरलें कीं चांगलें पत्रही अनाथ होतें.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. परक्याचें पत्र वाचणें हें सभ्यपणाचें लक्षण नव्हे, मग तें जमविणें व प्रसिद्ध करणें योग्य कसें? चित्राची बाजू पाहणारास हा प्रश्न पडत नाहीं. मागली बाजू वाचणारानें तो टाळतां कामा नये. आमचें उत्तर असें कीं, ज्यांचीं पत्रें त्यांचे वंशज हयात असतील तर त्यांस आधीं विचारावें, पत्राची नक्कल त्यांस द्यावी, आणि प्रसिद्ध करतांना आडनांव व घर ओळखूं येईल असा मजकूर झांकावा. कांहीं पत्रें वाचून पुन्हां पाकिटांत ठेवण्याचीच असतात. तेवढा संयम ज्यास नाहीं, त्यानें नाणीं जमवावीं.

भोर किंवा वेल्हे येथील एखाद्या वाचनालयानें वा शाळेनें हें काम अंगावर घ्यावें, असें आम्हांस वाटतें. मूळ पत्रें घरोघरींच राहूं द्यावींत. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें व चार ओळींची नोंद एवढ्यानें आरंभ होऊं शकतो. शाळेंतल्या मुलांनीं आजीजवळ बसून तिच्या पत्रांतलीं नांवें विचारून घेतलीं, तर ती नोंद कोणत्याही तज्ज्ञापेक्षां चांगली होईल. मात्र तीं नांवें सांगूं शकणारीं माणसें फार दिवस थांबणार नाहींत. दिवाळीच्या आवराआवरींत माळ्यावरची ट्रंक खालीं येईलच. तींतले कागद रद्दीवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं एकदां उलटून पाहावे, एवढीच वाचकांस विनंति.