परकेपणाची कसोटी

राजकीय वादांत जे शब्द चलनात येतात त्यांची झडती घेणे हे समीक्षेचे काम नव्हे, अशी समजूत मराठीत रूढ आहे. कविता आणि कादंबरी ह्यांच्यापुरती शब्दाची चिकित्सा करावयाची आणि अग्रलेख, जाहीर भाषण, प्रसिद्धिपत्रक ह्यांतील शब्द वाऱ्यावर सोडावयाचे, ही वाटणी सोयीची असली तरी हितावह नाही; कारण समाजमनातील अढी ललित वाङ्मयापेक्षा ह्या गद्यात अधिक मोकळेपणाने वावरते. १९९९ साली सोनिया गांधी पंतप्रधान होण्याची शक्यता दिसू लागली, तेव्हा 'विदेशी मूळ' हा शब्दप्रयोग मराठी सार्वजनिक लेखनात रुळला. वाद केव्हाच मागे पडला. शब्द मात्र तपासावयाचा राहून गेला.

हा शब्द दिसतो तितका भाबडा नाही. 'वंश' म्हणावे तर वक्त्यालाच संकोच वाटावा. 'जन्म' म्हणावे तर तो केवळ एक योगायोग ठरावा. 'मूळ' म्हटले की माणसाचे झाड होते. त्याने फांद्या कोठेही पसराव्यात, मातीखालचे जे आहे ते अढळच. येथला संसार, येथले वैधव्य, १९८३ मध्ये स्वीकारलेले नागरिकत्व, ही सारी मग झडणारी पाने ठरतात. जन्माने झालेला नागरिक आणि नोंदणीने झालेला नागरिक ह्यांत संविधान पंतप्रधानपदापुरता भेद करीत नाही; 'मूळ' हा शब्द तो भेद कायद्यावाचून करून मोकळा होतो. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे बजावणाऱ्या भाषेने तो इतक्या सहजपणे उचलावा, हे नवलच. (वधूवरांच्या जाहिरातींत जो गोरा रंग गुण म्हणून छापला जातो, तोच सत्तेच्या उंबरठ्यावर शंकेला खतपाणी घालतो, ही गंमतही नोंदण्याजोगी आहे.)

आक्षेपकांची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र म्हणता येणार नाही. जो देश पिढ्यान् पिढ्या परकीय अंमलाखाली राहिला, त्याने सर्वोच्च अधिकारपदाविषयी हळवे असणे स्वाभाविक होय. १५ मे १९९९ रोजी शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर ह्यांनी पत्र लिहून हा प्रश्न उभा केला आणि त्यातून जूनमध्ये निराळा पक्ष निघाला. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो पक्ष महाराष्ट्रात काँग्रेसबरोबर सत्तेवर आला, आणि २००४ मध्ये मनमोहन सिंग ह्यांच्या मंत्रिमंडळातही सहभागी झाला. मूळ अढळ असते तर हे घडते ना. संगमा स्वतः मेघालयातील गारो समाजाचे. ज्या ईशान्येच्या माणसाला केवळ चेहऱ्यावरून दिल्लीत वा पुण्यात परदेशी समजले जाते, तेथील एका नेत्याची सही त्या पत्रावर असावी, हा त्या वादातील सर्वांत उद्बोधक तपशील आहे. मराठी भाष्यकारांनी त्याचा पुरेसा विचार केला असे दिसत नाही.

वास्तविक परकेपण कशात असते ह्या प्रश्नाचे उत्तर मराठीत पूर्वीच दिले गेले होते. १९१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस अहमदनगर येथील स्वराज्यावरील व्याख्यानात लोकमान्य टिळकांनी परकेपणाचा संबंध धर्माशी वा कातडीच्या रंगाशी नसून हिताशी आहे, असे प्रतिपादन केले. ज्या भूमीत आपणास आणि आपल्या मुलाबाळांना राहावयाचे आहे तिचे जो भले पाहतो तो परका नव्हे, आणि म्हणून अहमदनगरचे मुसलमान राजेही परके नव्हेत, असा तो युक्तिवाद होता. ह्याच सुमाराच्या भाषणांवरून त्यांच्यावर खटला झाला. विवेचन मार्मिक आहे, पण निर्दोष नाही. हित कोणी ठरवावयाचे? इंग्रज राज्यकर्तेही प्रजेच्या हिताचीच भाषा बोलत असत.

ही कसोटी पुण्यामुंबईत बसून लावणे सोपे, कारण तेथे मराठी माणूस घरधनी असतो. ती त्याच्यावरच उलटते अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे छत्तीसगढमधील भिलाई. १९५५ च्या करारान्वये सोव्हिएत साहाय्याने येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांत मराठीही होती. छत्तीसगढी बोलीत अशांना 'परदेसिया' म्हणतात. मराठी माणसाच्या बाबतीत ह्या शब्दाला जुनी कडाही आहे: अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा येथे आल्या, बिंबाजी भोसले रतनपुरास राज्य करू लागले. १ नोव्हेंबर २००० रोजी निराळे राज्य झाले आणि खुर्चीवर कोणी बसावे, हा प्रश्न येथेही मुळापाशी जाऊन पोचला. पहिले मुख्यमंत्री अजित जोगी ह्यांच्या आदिवासी असण्याविषयीचा वाद २०२० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मिटला नाही. आदिवासीत्वाचा दाखला कायद्यानेच जन्माशी बांधलेला असल्याने ही तुलना ताणू नये. पण 'मूळ' हीच कसोटी मानावयाची, तर भिलाईतील मराठी घराने स्वतःविषयी काय म्हणावयाचे?

टिळकांच्या व्याख्येतील अडचणीवर ह्याच परिसरात एक उत्तर मिळते. शंकर गुहा नियोगी जन्माने बंगाली. तरुणपणी ते भिलाईच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे, ह्या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणकामगारांची संघटना त्यांनी १९७७ मध्ये बांधली. वीर नारायणसिंहांची विस्मृत होत चाललेली स्मृती छत्तीसगढच्या लोकजीवनात पुन्हा जागविण्याचे श्रेय ह्या बंगाली माणसाकडे जाते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली. नियोगी परके की आपले, हे ठरविणारे अग्रलेखक नव्हते; खाणीत घाम गाळणारे होते.

वाङ्मयाच्या क्षेत्रातही असा दाखला फार दूर नाही. 'छत्तीसगढ मित्र' १९०० मध्ये पेंड्राहून काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक. टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेले. दुर्ग ओलांडून पश्चिमेस राजनांदगाव लागते. तेथे १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत होते. गजानन माधव हिंदीचे कवी आहेत ह्याविषयी हिंदीत कोणी दाखला मागत नाही. ते मुळात मराठी होते हे सांगण्याची हौस मराठीतच अधिक.