निर्यात-कराचा भार : नंदुरबारच्या बाजारपेठेच्या संदर्भात एक चिकित्सा

शेतमालाच्या निर्यातीवर कर बसविण्याच्या धोरणाचे समर्थन सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. पहिले समर्थन ग्राहकाच्या हिताचे होय. माल परदेशी जाण्यास अडथळा आला की तो देशातच राहतो आणि भाव खाली येतात. दुसरे समर्थन व्यापारशर्तींचे होय. जगाच्या बाजारात ज्या देशाचा वाटा मोठा आहे, त्याने कर बसविला तर त्याचा काही भाग परदेशी गिऱ्हाइकाच्या माथी पडतो. दोन्ही प्रतिपादने आपापल्या मर्यादेत बरोबर आहेत. तथापि दोहोंत एक प्रश्न अनुत्तरित राहतो : कराचा जो भाग परदेशी गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही, तो देशात नेमका कोणावर पडतो, आणि कर उठल्यावर मिळणारी सवलत त्याच माणसाकडे परत जाते काय? या प्रश्नाची तपासणी मुंबई-दिल्लीच्या घाऊक भावांवरून होणार नाही. त्यासाठी व्यापाराच्या साखळीचे दुसरे टोक पाहावे लागेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा हे तसे टोक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. तापीकाठच्या शहादा-नंदुरबार तालुक्यांत कापूस, मिरची, केळी व पपई ही बाजाराची पिके होतात, तर सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत डोंगरउतारावरची कोरडवाहू शेती आहे.

या कराचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. ब्रिटिश अंमलात १८८० च्या सुमारास बहुतेक निर्यात-कर रद्द झाले. तांदळावरील कर तेवढा राहिला. पुढे १९१६ मध्ये युद्धखर्चाच्या निमित्ताने ताग व चहा यांवर कर आला. तागाच्या कराचा पुढील इतिहास विशेष बोधप्रद आहे. १९३५ च्या कायद्याने या कराच्या निव्वळ उत्पन्नाचा निदान अर्धा भाग ताग पिकविणाऱ्या प्रांतांना देण्याचे ठरविले. संविधानाच्या २७३ व्या अनुच्छेदाने त्या वाट्याऐवजी आसाम, बिहार, ओरिसा व पश्चिम बंगाल या राज्यांना ठरावीक मुदतीपर्यंत अनुदाने दिली. या तरतुदीचा अर्थ असा की कर मध्यवर्ती सरकारने वसूल केला, तरी त्याचा भार पीक पिकविणाऱ्या प्रदेशावर पडतो ही गोष्ट राज्यकर्त्यांनी स्वतःच मान्य केली होती. कापसाच्या बाबतीत १९२३ च्या कायद्याने लहानसा उपकर बसविला व त्याचे उत्पन्न १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीकडे संशोधनासाठी दिले. तोही कर होता. पण त्याचे उत्पन्न पिकाकडेच परत जाई. ६ जून १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर ताग, चहा, कॉफी, काळी मिरी, कापूस इत्यादी मालावर निर्यात-कर आले, तेव्हा मात्र परतफेडीची ही दृष्टी उरली नव्हती. हुंडणावळीतील बदलाने निर्यातदारास होणारा नफा सरकारने काढून घ्यावा एवढाच विचार त्यामागे होता. त्यातील किती नफा शेतकऱ्यापर्यंत पोचला असता, याचा विचार झालेला दिसत नाही.

आता भाराचे गणित पाहू जाता, प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की निर्यात-कराचा दर बंदरावरील किंमतीवर मोजला जातो, आणि त्याचा फटका मात्र शेतावरील किंमतीस बसतो. समजा, एखाद्या मालाची बंदरावरील किंमत १०० रुपये आहे आणि निवड, बारदान, अडत, हमाली व वाहतूक यांचा खर्च ४० रुपये आहे. म्हणजे शेतकऱ्यास ६० रुपये मिळतात. परदेशी गिऱ्हाईक १०० रुपयांहून अधिक देण्यास तयार नसेल, तर ४० टक्के कर बसताच निर्यातदाराच्या हाती सुमारे ७१ रुपये उरतात. मधला खर्च कमी होत नाही. सबब शेतकऱ्याची किंमत ६० वरून ३१ रुपयांवर येते, म्हणजे जवळजवळ निम्म्याने घटते. बंदरापासून दूर राहणाऱ्या आणि लहान वजनाचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत मधला खर्च ४० ऐवजी ५५ रुपये धरला, तर त्याची किंमत ४५ वरून सुमारे १६ रुपयांवर येते. घट ६० टक्क्यांहून अधिक होते. कर एकच, दर एकच. परंतु अंतर जितके अधिक तितका भार जड. परदेशी भाव थोडा वर चढला तर हे आकडे सौम्य होतील हे खरे, पण भाराची दिशा बदलणार नाही. सपाट दिसणारा हा कर वस्तुतः दूरच्या व लहान शेतकऱ्यावर अधिक दराने बसतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार आणि सातपुड्यातील धडगाव यांमधील अंतर नकाशात फार नाही. किंमतीच्या या गणितात ते फार मोठे आहे.

परंतु कराचा दर हा या धोरणाचा सर्वांत घातक भाग नव्हे, असे कापसाच्या इतिहासावरून दिसते. ९ एप्रिल २०१० रोजी कापसाच्या निर्यातीवर टनाला २५०० रुपये कर बसविण्यात आला. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते असे धरले, तर हा कर कापसाच्या क्विंटलमागे ८५ रुपयांच्या आसपास पडतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ३००० रुपये होती. म्हणजे कराचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. एवढ्या कराने खानदेशातील कापसाचा व्यापार कोलमडला नसता. तथापि अवघ्या दहा दिवसांनी, १९ एप्रिल रोजी, निर्यातीच्या करारांची नोंदणीच थांबविण्यात आली, आणि पुढील हंगामात निर्यातीस ५५ लाख गाठींची मर्यादा घालण्यात आली. त्या हंगामात जगाच्या बाजारात कापसाची टंचाई होऊन मार्च २०११ मध्ये भाव पौंडाला दोन डॉलरांच्या वर गेला. पुढे ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी आली. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनीच तिला उघड हरकत घेतली आणि आठवड्याभरात ती मागे घेण्यात आली. या सर्व घडामोडींत व्यापाऱ्याने जो धडा घेतला असेल तो उघड आहे. उद्या बंदर बंद होऊ शकते, सबब आज भाव देताना तो धोका वजा करून द्यावा. ही वजावट कोणत्याही अधिसूचनेत दिसत नाही, सरकारी तिजोरीतही जमा होत नाही. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने तोही करच होय.

येथे तेजीच्या लाभाचाही विचार केला पाहिजे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पहिल्या वेचणीचा कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो. दुकानदाराची उधारी, मजुरी आणि सणाचा खर्च डोक्यावर असल्याने तो बहुधा लगेच, अनेकदा गावातल्या गावात खेडा खरेदीवाल्यास, विकला जातो. मार्चमध्ये भाव शिखरास पोचतो तेव्हा अशा शेतकऱ्याच्या घरात कापूस उरलेला नसतो. म्हणजे कराचा अगर बंदीचा भार साखळीतून तत्काळ खाली उतरतो. भाववाढ मात्र ज्याच्या गोदामात माल असेल त्याच्याकडेच थांबते.

याच दोषाचे दुसऱ्या बाजूने आलेले उदाहरण २०२५ चे आहे. कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून उठविण्यात आले. ही सूट प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. आयात-शुल्क उठविणे आणि निर्यात-कर बसविणे या दोन गोष्टी कायद्याच्या भाषेत भिन्न असल्या तरी कापूस पिकविणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा परिणाम एकाच जातीचा असतो. दोहोंनी गिरणीस कच्चा माल स्वस्त मिळतो. अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयात-शुल्क बसविल्याने कापड-उद्योगास आधाराची गरज होती, हे मान्य करता येईल. आक्षेप वेळेविषयी आहे. पेरणी आटोपलेली, खत-फवारणीचा खर्च झालेला, आणि वेचणी तोंडावर आलेली. अशा वेळी भाव खाली आणणाऱ्या निर्णयास शेतकरी कोणतेही उत्तर देऊ शकत नाही. पेरणीपूर्वी जाहीर झालेल्या करास तो क्षेत्र बदलून उत्तर देतो, आणि त्यामुळे भाराचा काही भाग गिरणीस व व्यापाऱ्यास सोसावा लागतो. पेरणीनंतर आलेला कर हा झालेल्या श्रमावरील कर असतो; तो टाळता येत नाही. लांब धाग्यासाठी ८११० रुपयांची आधारभूत किंमत होती हे उत्तर पुरेसे नाही. कारण ती किंमत मिळण्यास खरेदी-केंद्र गाठावे लागते, आगाऊ नोंदणी करावी लागते आणि कापसातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. दिवाळीच्या निकडीत ओला कापूस विकणाऱ्यास या तिन्ही अटी कठीण आहेत.

वेळेचा हाच मुद्दा शेजारच्या नाशिक-धुळे भागातील कांद्याने अधिक ठळक केला आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात-कर आला. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरांची किमान निर्यात किंमत ठरविण्यात आली, आणि ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, परंतु ५५० डॉलरांची किमान किंमत व ४० टक्के कर राहिला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान किंमत रद्द होऊन कर २० टक्क्यांवर आला, आणि १ एप्रिल २०२५ पासून तो संपूर्ण उठला. या तारखा पिकाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहाव्यात. डिसेंबरच्या बंदीच्या वेळी बाजारात खरिपाचा लाल कांदा होता. तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. बंदी उठली तेव्हा बाजारात उन्हाळ कांदा होता, जो काही महिने साठविता येतो. म्हणजे ज्याला थांबणे अशक्य होते त्याने बंदीचा संपूर्ण भार सोसला. सवलत आली ती दुसऱ्या पिकाला, आणि त्यातही ज्याच्याकडे कांदाचाळ होती त्याला. सवलतीने पूर्वीचा भार फिटतो हे म्हणणे सरासरीच्या आकड्यात खरे वाटेल. माणसांच्या बाबतीत ते खरे नाही.

नंदुरबारची मिरची हे या विवेचनातील उलट बाजूचे उदाहरण होय. या काळात मिरचीवर असा निर्यात-कर बसविण्यात आला नाही. बाजार समितीत येणारी ओली लाल मिरची व्यापारी खरेदी करतो आणि शहराबाहेरील पथारीवर वाळवितो. वाळलेली मिरची व पूड तेथून पुढे जाते. शेतकऱ्याचा संबंध ओल्या मालापुरताच असतो. वाळविण्याच्या काळातील अवकाळी पाऊस व भावातील चढउतार यांचा धोका व्यापाऱ्याकडे असतो, आणि तो त्याने ओल्या मिरचीच्या भावातच धरलेला असतो. व्यापाऱ्याने एखादा धोका पत्करला म्हणजे तो शेतकऱ्यावर पडत नाही, ही समजूत या व्यवहाराने खोटी ठरते. धोका कोण वाहतो आणि त्याची किंमत कोण देतो, हे दोन प्रश्न निराळे आहेत. कापसाच्या धोरणातील अनिश्चिततेचा खर्च ज्या वाटेने शेतकऱ्यापर्यंत येतो, तीच ही वाट होय.

निर्यात-बंधनांवरील सर्वांत प्रखर मराठी टीका शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी केली. सरकार शेतकऱ्यास अनुदान देत नसून भाव पाडून उणे अनुदान देते, हे त्यांचे प्रतिपादन पुढील संशोधनाने बव्हंशी खरे ठरविले. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि इक्रिअर यांच्या २०१८ च्या अहवालानुसार २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतीस मिळालेले एकूण साहाय्य शेती-उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्क्यांच्या आसपास होते. तथापि बंधने उठली की शेतकऱ्याचा प्रश्न सुटेल, हा जो निष्कर्ष या विचारातून काढला जातो, तो वरील उदाहरणांच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही. शेतकरी हा एकसंध वर्ग मानला, तरच तो निष्कर्ष निघतो. शहाद्याचा बागायतदार आणि अक्राणीचा आदिवासी शेतकरी यांच्यात जमिनीपेक्षाही थांबण्याच्या शक्तीचा फरक आहे. खुल्या व्यापाराचा लाभ ज्याला थांबता येते त्याला मिळतो. सबब कर उठविणे आवश्यक असले, तरी ते पुरेसे नाही. गोदाम, गोदामपावतीवर कर्ज आणि गावापासून पोचण्याजोगे खरेदी-केंद्र यांवाचून सवलत साखळीच्या वरच्या टोकालाच अडकते.

ग्राहकाच्या हिताचा युक्तिवाद यामुळे निराधार ठरतो असे नाही. शहरातील मजुरास कांदा परवडला पाहिजे, आणि नंदुरबारमधून ऊसतोडीस अगर गुजरातेत कामास जाणारा मजूरही ग्राहकच आहे. परंतु ग्राहकास द्यावयाचे साहाय्य हे राज्याचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्च सर्व करदात्यांनी वाटून घ्यावयास हवा. ज्याचे पीक त्या आठवड्यात बाजारात आहे त्याच्यावरच तो टाकण्यास न्यायाचे कोणतेही तत्त्व सापडत नाही.

सारांश, निर्यात-कराच्या कोणत्याही प्रस्तावास तीन कसोट्या लावल्या पाहिजेत. कर पेरणीपूर्वी जाहीर झाला आहे काय? तो कोणत्या भावाला लागू होईल व कोणत्या भावाला उठेल, हे नियमाने आधीच ठरले आहे काय? आणि तागाच्या कराप्रमाणे अगर कापसाच्या उपकराप्रमाणे त्याचे उत्पन्न पिकविणाऱ्या प्रदेशाकडे परत जाते काय? २०१० पासून २०२५ पर्यंतचे कापूस व कांदा यांवरील जे निर्णय वर पाहिले, त्यांतील एकही या तिन्ही कसोट्यांस उतरत नाही. देशाच्या निर्यातीचे आकडे पुढील वर्षी पुन्हा वर चढू शकतात. पडत्या भावात विकून टाकलेल्या कापसाचे आणि लाल कांद्याचे पैसे मात्र ज्याचे त्याला परत मिळत नाहीत.