मतपेटींतून आलेला न्यायाधीश

जॉन ग्रिशॅम यांची 'द अपील' ही कादंबरी २००८ सालीं निघाली. न्यायाधीश मतांनीं निवडून येतो ही कल्पनाच आपल्याकडील वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटेल. महाराष्ट्रांत १९७५ पर्यंत न्यायपंचायती होत्या व त्यांचे पंच ग्रामपंचायती निवडून देत. पण किरकोळ तंट्यांपलीकडे त्यांची सत्ता नव्हती. २०२५ च्या ऑगस्टांत कोल्हापुरास उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच आलें. तेथील न्यायमूर्तींना मतें मागत हिंडावें लागत नाहीं. अमेरिकेंतील अनेक राज्यांत मात्र सर्वोच्च न्यायासनासाठींही प्रचार होतो, वर्गण्या जमतात.

कथानक साधें आहे. मिसिसिपींतील एका गांवाचें पाणी रसायनांच्या कारखान्यानें नासवलेलें. पति व पुत्र गमावलेल्या एका स्त्रीस ज्यूरी ४ कोटी १० लक्ष डॉलर देवविते. कारखान्याचा धनी ट्रूडो अपिलाच्या निकालाची वाट पाहत बसत नाहीं. अपील ऐकणारें न्यायालयच तो बदलून घेतो. त्याच्या पैशावर रॉन फिस्क नांवाचा तरुण वकील उभा राहतो व निवडून येतो. येथेंच या कादंबरीचें खरें मर्म आहे. फिस्क लांचखाऊ नाहीं. तो देवभीरु व कुटुंबवत्सल आहे. पैसा कोणाचा, हें त्याला ठाऊकही नसतें. त्याचीं मतें विकत घ्यावीं लागत नाहींत, तीं आधींच सोयीचीं असतात. विकत घ्यावयाची ती केवळ जागा. हुपरीच्या चांदीवाल्यांना हें चटकन उमगेल. कस पाहणाऱ्याला लांच देणें धोक्याचें. पण ज्याचा हात मुळांतच आपल्याला अनुकूल असा माणूस त्या जागीं बसविला, कीं कोणीच चोर ठरत नाहीं!

पुढें मात्र ग्रंथकाराचा धीर सुटतो. ट्रूडो नाटकांतला खलपुरुष बनतो, आणि शेवटीं फिस्कच्या मुलाला चेंडू लागून व इस्पितळांतील चुकीनें कायमची इजा होते. बापाचें मन हेलावतें. निकाल कंपनीच्याच बाजूनें पडतो. प्रसंग हृदयद्रावक आहे, हें कबूल; पण त्यामुळें वाचकाचा संताप पैशावरून उडून एका दुबळ्या माणसावर बसतो. मूल सुखरूप असतें आणि आपण न्यायच केला अशा समजुतीनें फिस्कनें तोच निकाल दिला असता, तर कादंबरी कितीतरी अधिक भयंकर झाली असती.

प्रत्यक्षांत घडलें तें याहून कमी भडक आहे. पश्चिम व्हर्जिनियांत २००२ सालीं मॅसी कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरांचा निकाल झाला. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनीं २००४ च्या निवडणुकींत ब्रेंट बेंजामिन यांच्यासाठीं सुमारें ३० लक्ष डॉलर खर्चिले. त्यांतले उमेदवाराच्या हातीं पडले अवघे १,०००. बाकीची रक्कम बहुतांशीं प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या प्रचारांत गेली. बेंजामिन निवडून आले, खटल्यांतून बाजूला होण्यास त्यांनीं नकार दिला, आणि २००७ सालीं ३ विरुद्ध २ मतांनीं निकाल फिरला. २००९ सालीं संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं ठरविलें कीं त्यांनीं दूर राहावयास हवें होतें. खटला परत गेला, बेंजामिन यांच्याविना पुन्हा ऐकला गेला, आणि त्याच वर्षीं निकाल पुन्हा कंपनीच्याच बाजूनें लागला.