सावकार वाईट की कर्जदार? आधी मोजपट्टी तपासा

कवठे येमाईत चहा पिताना विषय सांगितला: १८७५ चे दख्खनचे दंगे. एक अनोळखी आजोबा हसले, "मग आमचं कर्ज फेडायला आलाय का?" अन् वाद पेटला. बुडवणारा वाईट की देणारा?

तुम्ही नील चार्ल्सवर्थ यांचा १९७२ चा लेख वाचाल. दंगे मर्यादित होते, त्यांचं महत्त्व फुगवलं गेलं, असं ते म्हणतात. व्याप्तीबद्दल मला पटतं. पण मोजलं काय? याच शिरूर तालुक्यातल्या करड्यात डिसेंबर १८७४ मध्ये सावकार कालूरामने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. दंगा नाही, म्हणून मोजणीतही नाही! १२ मे १८७५ ला सुप्यात दुकानं लुटली गेली, पण खरा रोख रोख्यांवर होता. कारण कर्ज किती, फिटलं किती, हे सांगणारा कागद सावकाराच्याच पेटीत. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा व्यवहार तपासायला लावला, तो यामुळेच.

तेव्हा घटना किती मोठी हे विचारण्याआधी विचारा: लोकांनी नेमकं काय जाळलं? आजोबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.