धुराच्या तीन बाटल्या

शब्बाथ सुटल्यावर, हब्दाला करून आम्ही चौघे म्हातारे मनामातील नईम वस्तीत पुतण्याच्या घरी बसलो. आजूबाजूला सारे मुसलमान शेजारी, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. समोर पीटच्या, म्हणजे दलदलीत साठलेल्या जुन्या वनस्पतींच्या, धुराची तीन तरुण सिंगल माल्ट होती. बेराखा 'शेहाकोल'ची.

आमच्या पिढीचा नियम ठाऊकच आहे : बारा वर्षांखाली हात लावायचा नाही. पण धुराच्या व्हिस्कीला हा नियम लागू पडत नाही. पिपात वर्षे जातात तसा धूर मावळतो. तो हवा असेल तर तरुणच घ्यावी.

पहिली स्कॉटलंडच्या आयले बेटाची आर्डबेग 'वी बीस्टी', पाच वर्षांची, ४७.४ टक्के. अलिबागेकडे पावसाआधी शेतात राब भाजतात, तो वास. मागून टिंक्चर आयोडीन. पहिल्या घोटाला आमच्यातले एक काका खोकलेच. चमचाभर पाणी घातल्यावर गोडी वर आली. उद्धट आहे, पण खोटी नाही. हिच्या पिपांत शेरीचीही पिपे असतात, तेव्हा कश्रुथ काटेकोर पाळणाऱ्यांनी आधी आपल्या रब्बींना विचारावे.

दुसरी गोव्याची पॉल जॉन 'बोल्ड', ४६ टक्के. बाटलीवर वय नाही, आणि त्यावरून नाक मुरडू नये. स्कॉटलंडात पिपातून वर्षाला सुमारे २ टक्के दारू उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट. लाकूडही तितक्याच घाईने मुरते. त्यामुळे इथली थोडी वर्षे तिथल्या थोड्या वर्षांसारखी मोजता येत नाहीत. मध, मिरी, आणि चुलीवर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा धूर. शेवटी जीभ किंचित कोरडी पडते, हा लाकडाचा दोष. तरी ग्लास सर्वांत आधी हिचाच रिकामा झाला.

तिसरी तेल अवीवच्या 'मिल्क अँड हनी'ची 'एलिमेंट्स पीटेड', तीही ४६ टक्के आणि कोशेर. लोदहून आलेल्या भाच्याने जपून आणलेली. हीच पहिली यावी असे आम्हां सर्वांच्या मनात होते, हे लपवत नाही. व्हॅनिला आहे, लिंबाची साल आहे, पिण्यास सोपी आहे. पण हिचा धूर मुख्यतः आयलेच्या व्हिस्कीची जी पिपे वापरली, त्यांच्यातून आलेला, उसनवारीचा. एक घोट गिळला की धूर गेला. भाचा आमच्या तोंडाकडे पाहत होता. दोघांनी "फार छान" म्हटले. आम्ही "तिसरी" म्हटले. मुलगा हिरमुसला खरा. आपल्या माणसाची वस्तू म्हणून तिला गुण वाढवून द्यायचे, तर चव घ्यायला बसायचेच कशाला?

धूर ज्यांना सोसत नाही, त्यांनी मात्र हिच्यापासूनच सुरुवात करावी. गोव्याची बाटली पुतण्याने पुढच्या मलिद्यासाठी ठेवून दिली आहे. अर्धीच उरली आहे.