मोरांदीची खोली : नित्यक्रम आणि स्फूर्ती

चित्रकाराच्या स्फूर्तीचे मूळ प्रवासात, प्रसंगात किंवा निसर्गदर्शनात शोधण्याचा समीक्षेत प्रघात आहे. इटलीतील बोलोन्या येथील जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) या चित्रकाराच्या बाबतीत हा प्रघात अपुरा पडतो. आई व तीन बहिणी यांच्यासमवेत फोन्दात्सा मार्गावरील घरात त्याचे आयुष्य गेले. निजण्याची खोली हीच त्याची चित्रशाळा होती. १९३० ते १९५६ पर्यंत त्याने तेथील कला-अकादमीत अम्लरेखन शिकविले. उन्हाळ्यात ग्रित्साना गावी जावे आणि परतून पुन्हा त्याच बाटल्यांसमोर बसावे, असा त्याचा क्रम असे.

या जीवनक्रमावरून त्यास विरक्त ठरविणे सोपे आहे. परंतु त्यामुळे चित्रांचा उलगडा होत नाही. बाटल्यांची चकाकी मारण्यासाठी तो त्यांना रंगाचा लेप देई. मेजावर पसरलेल्या कागदावर प्रत्येक वस्तूची जागा पेन्सिलीने आखून ठेवी. कोणत्या बाटल्या एकत्र मांडावयाच्या, हे ठरविण्यात आठवडे जात. म्हणजे कुंचला हाती घेण्यापूर्वीच निर्मितीचा मोठा भाग पार पडलेला असे. नित्यक्रम ही येथे स्फूर्तीची पूर्वतयारी नसून स्फूर्तीचेच कार्य होय.

बा. सी. मर्ढेकरांनी मानलेले संवाद, विरोध व समतोल हे लयीचे तीन प्रकार या मांडणीस सहज लागू पडतात. उंच मानेशेजारी बुटका डबा, राखी रंगाशेजारी किंचित उबदार पांढरा, आणि दोहोंना सावरणारी मेजाची कड, असे हे संबंध आहेत. तथापि एवढ्यावर थांबणे योग्य नाही. अखेरच्या वर्षांतील जलरंगचित्रांत दोन वस्तूंमधील मोकळी जागाच वस्तूसारखी भासू लागते आणि वस्तू विरत जाते. हा विरण्याचा अनुभव येण्यासाठी समोरचा आकार बाटली म्हणून ओळखला जाणे अवश्य आहे. केवळ रंगाकारांच्या संबंधांतून तो निष्पन्न होणार नाही. शुद्ध लयवादाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

सारांश, मोरांदीची स्फूर्ती त्या बाटल्यांत नव्हती आणि त्यांच्यापलीकडील कोणत्या गूढ तत्त्वातही नव्हती. परिचित वस्तूकडे रोज नव्याने पाहण्याच्या शिस्तीत ती होती. म्हणूनच त्याच्या चित्रांतील पुनरावृत्ती हे दारिद्र्याचे नव्हे, तर शोधाचे लक्षण ठरते.